कुंपणावरची बकरी

ह्यांना जाऊन चार महिने झाले तेव्हा मी कुंपणाचं काम हाती घेतलं. हौस म्हणून नाही. लेक रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "आज काय केलंस?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. मी उठायची, चहा करायची, तो गार झाला की मोरीत ओतून द्यायची. रडू येत नव्हतं. भेटायला आलेल्या बायका माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघायच्या. त्यांना वाटत असणार, हिला काही वाटतच नाही. खरंच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई दिली की गाल कसा होतो, आपलाच असून परक्याचा, तशी मी अख्खी झाले होते.

शेवटी एकदा लेकीला सांगायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, "बाबांनी पत्र्याचे ते आकार कापून ठेवलेत ना, ते कुंपणावर लावणार आहे."

"खरंच? मग मला फोटो पाठव." तिचा आवाज इतका उजळला की मला माघार घेता येईना.

ह्यांचा जन्म पत्र्यात गेला. कारखान्यांच्या छताला हवेची मोठाली नळकांडी असतात, ती हे बनवायचे. निवृत्त झाल्यावर वर्षभर मागच्या शेडमध्ये बसून उरलेल्या पत्र्यातून आकार कापत होते. कशासाठी, विचारलं तर म्हणायचे, "कुंपणासाठी." पुढे काही नाही. ह्यांच्याकडून दुसरं वाक्य काढणं म्हणजे गंजलेला नट काढण्यासारखं होतं. मी आपलं धरून चालले की माझ्या बागेसाठी करताहेत. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला हौसेने दिलेली एकच वस्तू आठवते, ती म्हणजे इस्त्री. त्यामुळे मी मुद्दामच जास्त चौकशी केली नाही, उगाच नजर लागायची.

शेडमध्ये नऊ आकार निघाले. एकेक हातभर उंच, चार कोपऱ्यांना चार भोकं, कडा कानशीने अशा घासलेल्या की बोट फिरवलं तरी ओरखडा उठू नये. काम बिनचूक, पण आकार कसले? बायकोच्या बागेसाठी माणूस फुलं कापेल, फुलपाखरं कापेल. ह्यांनी कापली होती बिनसीटची सायकल. एक बूट, तोही जोडीतला एकच. मधली पायरी गायब असलेली शिडी. एक कुत्रा, ज्याचा एकच कान काठीसारखा ताठ उभा. बरोबर एका डब्यात मोजून ठेवल्यासारखे छत्तीस बोल्ट, छत्तीस नट आणि नट आवळायचे एकाच मापाचे दोन पाने होते.

मला काय, मी लावणार होते. माझं एक ठरलं होतं. ह्यांनी माझ्यासाठी केलेलं हे शेवटचं काम. नववा आकार लागला की मला रडू येईल आणि गाल परत माझा होईल. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी त्याच आशेवर होते.

हे कुंपण म्हणजे आमच्या आणि धाकट्या दिरांच्या घरामधलं. तेही ह्यांनीच घातलं, अकरा वर्षांपूर्वी. दोघे भाऊ एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर होते. एका दुपारी काम लवकर उरकावं म्हणून ह्यांनी मशीनवरची संरक्षक जाळी काढून ठेवली आणि भावजींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात हे त्यांच्या खाटेशी उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते. आणि म्हणाले काय, तर "लक्ष नको का द्यायला?" मी शेजारीच होते. त्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं, हे मला शपथेवर सांगता येईल. पण तोंडातून निघालं ते निघालं. भावजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर दोघांत शब्द नाही. महिन्याभरात कुंपण उभं राहिलं. तेव्हाही मी कुरकुरले होते, की खांब आणि आडव्या पट्ट्या आपल्याकडे आणि सपाट चांगली बाजू त्यांच्याकडे, हा कुठला न्याय? हे म्हणाले, "असंच असतं."

आता त्याच पट्ट्या माझ्या मुळावर आल्या. आकार कुंपणाला टेकवला की पट्टीवर अडायचा आणि भोकं फळीपासून दोन बोटं लांब अधांतरी राहायची. सायकल तिरपी, बूट तिरपा. जो माणूस एका सुताची चूक झाली तर दिवसभर जेवायचा नाही, त्याला स्वतःच्या घरचं कुंपण मोजता आलं नाही? मी रिकाम्या शेडकडे बघून चांगलं सुनावलं. मग लाकडाचे ठोकळे आणले, ते आकारामागे घातले, आणि बोल्ट बाजूला ठेवून दुकानातून भलेमोठे स्क्रू आणले. चार दिवसांत सात आकार लावले. कुत्रा नळाशेजारी लावला, म्हटलं तिथे राखण करेल. फोटो पाठवला. लेक म्हणाली, "आई, मस्त. कुत्रा किती गोड आहे." मी कुत्र्याकडे बघितलं. काही वाटलं नाही. अजून दोन राहिलेत, मी स्वतःला समजावलं.

आठवा लावत होते तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला. "वहिनी."

भावजी उंच आहेत, कुंपणावरून त्यांचं डोकं दिसतं. ह्यांना पोचवायला ते आले होते, पण सगळ्यांच्या मागे उभे राहून परत गेले होते. अकरा वर्षांत इतक्या जवळून मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. कपाळ अगदी ह्यांचं.

"स्क्रूची टोकं इकडे बाहेर आलीत," ते म्हणाले. "आमच्या हिने चादर वाळत घातली होती, ती फाटली. चादरीचं काही नाही, पण कुणाला लागायचं."

"बदलते," मी म्हटलं. "ह्यांचं माप चुकलंय, म्हणून ठोकळे घातले. लांब स्क्रू लागले."

"दादाचं माप?" त्यांनी मान पुढे काढून माझ्या बाजूला बघितलं. आधी सायकल, मग बूट, मग नळाशेजारी नजर थांबली.

"कुत्रा आहे," मी म्हटलं.

"बकरी आहे. तो कान नाही, शिंग आहे. दुसरं मोडलं होतं. आमच्या लहानपणी होती." त्यांनी सायकलकडे मान वळवली. "सायकलही आमची. मी दांडीवर, दादा उभ्याने चालवायचा, सीटच नव्हती तर बसणार कशावर? बूट माझा. ओढ्यात गेला दुसरा. मार मात्र दादाने खाल्ला."

चाळीस वर्षांत मी ह्या बकरीचं नाव ऐकलं नव्हतं.

"माप चुकलेलं नाही, वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले. "भोकं सपाट बाजूच्या मापाने पाडलीत. माझ्या बाजूचं. तो आला होता. जायच्या आधी महिनाभर. टेप घेऊन. मी स्वयंपाकघरातून बघत होतो. फळ्या मोजल्या, कागदावर लिहिलं, मग आमच्या दाराकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, हद्दीवरून भांडण काढायला आलाय. मी दार उघडलं नाही."

मला राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि तो राग होता. भावजींवर नाही, ह्यांच्यावर. ह्या माणसाचे डबे मी भरले, ह्याचे पत्र्याने फाटलेले सदरे शिवले, आणि आयुष्यात एकदा हौसेने काही केलं तर ते माझ्यासाठी नव्हतंच. मी पाहुणीसारखी दुसऱ्याच्या गोष्टी कुंपणावर टांगत बसले होते. स्क्रू उलटे फिरवायला लागले. एकेक आकार काढून कुंपणावरून पलीकडे द्यायला लागले.

"वहिनी, असू द्या तुमच्याकडे."

"मला नको दुसऱ्याची बकरी."

त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. उजव्या हाताची उरलेली बोटं तिच्या शिंगावरून एकदा फिरली. मग त्यांनी ती फळीला लावून बघितली असावी, कारण पत्रा लाकडाला टेकल्याचा आवाज आला, सपाट, एकदाच. "बसली," ते म्हणाले. "केसभर फरक नाही."

मी बोल्टांचा डबा वर धरला. त्यांनी तो घेतला, आत बघितलं, आणि एक बोल्ट उचलून उजेडात धरला.

"काय झालं?"

"स्क्रू नाहीत ह्यात. बोल्ट आहेत, आरपार जाणारे. हे एकट्याने होत नाही. मी इकडून पिळणार, तर कुणीतरी तिकडून नट धरायला लागतं. नाहीतर जागच्या जागी फिरत राहतो."

पाने दोन होते. एक त्यांनी डब्यातून उचलला आणि दुसरा कुंपणावरून माझ्याकडे दिला.

पाना हातात आला तेव्हा मला कळलं. एक भाऊ इकडे, एक तिकडे. तोंड बघायचं नाही, बोलायचं नाही. फक्त धर आणि पिळ, छत्तीस वेळा. जी गोष्ट दवाखान्यात ह्यांच्या तोंडातून उलटी निघाली, ती सरळ सांगायची ह्यांना एवढीच रीत येत होती. त्यासाठी वर्षभर पत्रा कापत बसले, आणि दार उघडलं नाही म्हणून परत आले. मला एका शब्दाने सांगितलं असतं तर मी जाऊन दार ठोठावलं असतं. पण सांगतील ते हे कसले?

"धरलंय का?" फळीला भोकं पाडून, बोल्ट घालून भावजींनी पलीकडून विचारलं.

"धरलंय."

ते पिळत गेले, मी धरत गेले. बोल्ट फिरला की पाना तळहाताला हिसके द्यायचा. दुसऱ्या आकारापर्यंत हात नुसता लाल झाला, पाचव्यापर्यंत चांगलाच दुखायला लागला. जाऊबाईंनी कुंपणावरून चहा दिला. तो गरम होता, मी तो गरमच प्यायले. ऊन उतरलं तेव्हा नऊही लागले होते. माझ्या बाजूला बघण्यासारखं काही नव्हतं. पट्ट्या, खांब, आणि फळ्यांमधून बाहेर आलेले चार-चार नट.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आज काय केलंस? झाले सगळे लावून?"

"नट धरले," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला बोलता येईना.

"आई," ती म्हणाली, "आई, रडतेस का?"