न उडालेली गोळी

मी जुनी आहे, दुनळी आहे आणि बंदूक आहे. मित्रांनो, स्वतःबद्दल एवढंच मला खात्रीनं सांगता येतं. मी चांगली की वाईट, गुणी की बिघडलेली, असं कुणी विचारलं की माझा गोंधळ होतो. ज्यांनी मला जन्मभर हाताळलं, त्यांचंही याबाबत एकमत नाही. म्हणून घडलं तसं सांगते. तुम्हाला काही उलगडलं तर बघा.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका खोऱ्यात झाला. तिथे घराघरात नळ्या घासल्या जायच्या. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या कुशीवर एक तितर कोरला आणि मला पेटीत निजवलं. जाग आली तेव्हा मी समुद्र ओलांडून इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या डोंगरात आले होते, बाकीस नावाच्या तरण्या मेंढपाळाच्या लग्नात. सासऱ्यानं जावयाला दिलेली मी भेट! बाकीस मला उलटसुलट करून बघतच राहिला. तेव्हा सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "बोनारिया, नवरा कुणाकडे बघतोय ते बघ गं. अजून पाद्रीबाबा आले नाहीत, विचार कर!"

बोनारियानं विचार केला नाही. ती नुसती हसली.

त्यानंतर मी फार राबले. थंडी पडली की दर रविवारी रानडुकराची शिकार. बुचाच्या झाडांतून, काट्याकुट्यांतून, पावसाचिखलातून बाकीस मला खांद्यावर घेऊन फिरायचा. एकदा ओढ्यात पाय घसरला, तर हा स्वतः नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडाला, पण मला हातभर वर धरून. एकदा खडकावर आपटून माझा दस्ता चिरला. त्यानं बकरीचं कातडं लावलं आणि वरून तांब्याची तार आवळली. त्याच्या गालानं माझ्या लाकडाचा रंग उडाला, आणि अंगठा फिरून फिरून माझ्या तितराचं आधी डोकं गेलं, मग पंख. आता तिथे नुसता एक फुगवटा आहे.

"काका, ही बंदूक आहे की कुंपणाचा खांब?" आमच्या टोळीचा प्रमुख कोसिमो विचारायचा. "तार दिसली म्हणून विचारलं. सोडा की आता तिला. नवीन घ्या."

"तुझ्या नवीननं गेल्या हंगामात काय मारलं रे? बुचाच्या झाडाची साल!"

सगळे हसायचे, बाकीस मला कुशीत ओढायचा, आणि मला धन्य वाटायचं.

पण तेव्हाही काही गोष्टी मला कळायच्या नाहीत. डुक्कर पडलं की बाकीस टोपी काढायचा, छातीवर क्रुसाची खूण करायचा आणि त्या जनावराच्या कपाळावर हात ठेवून हळूच म्हणायचा, "माफ कर बाबा." मग मी विचारात पडायचे. मारायचं होतं तर माफी कशाला? आणि माफीच मागायची होती तर मला इतकं जपायचं कशाला? घरी बोनारिया मरियामाउलीपुढे दिवा लावून नवरा सुखरूप येऊ दे म्हणायची, आणि त्याच दमात रानातल्या मुक्या जिवांसाठीही काहीतरी पुटपुटायची. माउली दोघांचं एकाच वेळी कसं ऐकत असेल, हे मला आजवर समजलेलं नाही.

मग बाकीसच्या डोळ्यांची नजर मंद होऊ लागली. हे सर्वांत आधी मला कळलं. माझ्या टोकाला नेम धरण्यासाठी एक पितळी मणी आहे. पूर्वी त्याची नजर त्या मण्यावर पाखरासारखी येऊन बसायची. आता ती आजूबाजूलाच घुटमळू लागली. बोनारियानं मागे लागून त्याला चष्मा करायला लावला. पहिल्याच रविवारी तो घालून तो टोळीत गेला आणि कोसिमो ओरडला, "या या, मास्तर आले! काका, डुकराला आज धडा वाचून दाखवणार वाटतं?"

बाकीसही हसला. पण त्या दिवसापासून गावाबाहेर पडलं की चष्मा डोळ्यांवरून उतरायचा.

हसणाऱ्यांत आंतिओको नसायचा. तो बाकीसचा बालमित्र आणि त्याच्या लेकीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. हे नातं जुळल्यापासून, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, दोघं एकमेकांना 'कोंपारे' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. जन्मभर एकत्र मेंढरं राखलेले दोन म्हातारे एकमेकांशी असे पाहुण्यासारखे बोलायचे, याचीही मला गंमत वाटायची.

आता त्या रविवारचं सांगते.

शिकारीचा आमचा नियम फार कडक आहे. प्रमुख प्रत्येकाला रानात जागा नेमून देतो. कुत्री डुकरांना हाकलत आणतात. शिंग वाजेपर्यंत कोणी जागेवरून पाऊलभरही हलायचं नाही, कारण शेजारी कुठे उभा आहे यावरच सगळ्यांचे जीव अवलंबून असतात. बाकीसची जागा ओढ्याच्या वळणावर होती. आंतिओको टेकाडापलीकडे.

कुत्री लांब भुंकत होती. मग समोरच्या झुडपात खसखस झाली. काळपट काहीतरी खाली वाकून येत होतं. बाकीसनं मला गालाशी धरलं, पितळी मणी शोधला आणि डाव्या नळीचा चाप ओढला.

माझा घोडा खट् करून पडला. गोळी सुटली नाही.

जन्मात असं कधी झालं नव्हतं. बाकीसचं बोट दुसऱ्या चापावर गेलं, आणि तेवढ्यात झुडूप बोललं, "अहो कोंपारे, तुमचा चष्मा! गाडीत पडला होता, मघाशी खिशात टाकला आणि द्यायचाच विसर—" पुढे त्याला माझ्या दोन्ही नळ्या दिसल्या. "अरे बाकीस! अरे मी आहे, मी!"

बाकीसनं मला खाली टाकलं. मला! दगडांवर! तो गुडघ्यांवर बसला. आंतिओको चष्मा हातात धरून तसाच उभा. म्हणाला, "बायको म्हणतच होती, तो काळा कोट घालू नका म्हणून."

मग त्यानं चष्मा बाकीसच्या हातात ठेवला.

"हे इथेच राहू द्या," आंतिओको म्हणाला. "मी जागा सोडली, तुम्ही न बघता चाप ओढला. कोसिमोला कळलं तर आपली टोळी सुटली. आपण दोघंच तर होतो." बाकीसनं मान हलवली. आंतिओको आपल्या जागेवर परत गेला, आणि मग बाकीसनं मला उचललं. सगळ्यांत आधी त्यानं माझ्या घोड्यावर ओठ टेकले.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! गोळी उडाली म्हणून शाबासकी मिळते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी बंद पडले, आणि जन्मभरात कधी केलं नव्हतं एवढं प्रेम त्यानं माझ्यावर केलं. आणि मला दगडावर टाकलं तेही त्याच घटकेला.

शिकारीनंतर, दुसऱ्या कुणीतरी मारलेल्या डुकराच्या मांसाचे वाटे पडले. एकजण पाठ करून उभा राहतो, दुसरा ढिगावर बोट ठेवून "हा कुणाचा?" विचारतो, आणि पाठमोरा नाव घेतो. त्यात कोणाला कमी-जास्त होत नाही. बाकीसच्या नावाला मांडीचा चांगला तुकडा आला. तो घरी नेला, बोनारियानं शिजवला, पण बाकीसला घास गिळेना.

"आजारी आहेस का?" तिनं विचारलं.

"बंदूक बिघडलीय," तो एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको मला घेऊन शेजारच्या गावी बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्यानं माझे स्क्रू काढले, आत बोट घातलं आणि ते नाकाशी नेलं. "हे काय? जैतुनाचं तेल? आत नुसता डिंक झालाय! गोळीवर आपटणारा टोचा पुढे सरकणार कसा?"

बोनारिया लाजून म्हणाली, "ते माझं काम. माउलीच्या दिव्यातलं आहे. दर शनिवारी उपास सोडायच्या आधी एक थेंब घालते. हा सुखरूप यावा म्हणून."

"बाई, अहो हे तेल भाकरीवर घालायचं असतं!" तो कपाळाला हात लावून म्हणाला.

बाकीस आधी हसला. मग त्याला रडू फुटलं, आणि तिथेच, परक्या माणसासमोर, त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली. तिनं विचारलं, "म्हणजे ती माझी चूक होती की नाही?"

दुरुस्त करणारा मला पुसत राहिला. मी काय बोलणार? ते तेल मला लागायचं तेव्हा मला वाटायचं, माझे लाड चाललेत. आता कोणी म्हणतं तो मळ होता, कोणी म्हणेल तो प्रसाद होता. माझ्या आत तर दोन्ही एकच होतं.

"झाली नवी," तो म्हणाला. "आता कधी अडकणार नाही."

ते ऐकून बाकीसचा चेहरा उतरला.

पुढच्या रविवारी टोळी जमली. कोसिमो जागा वाटायला लागला, तेव्हा बाकीस पुढे आला. डोळ्यांवर चष्मा होता. "मला जागा देऊ नकोस," तो म्हणाला आणि झालेलं सगळं सांगून टाकलं.

"अहो कोंपारे, गप्प बसायचं ठरलं होतं ना आपलं!" आंतिओको कळवळला.

"तुमचं ठरलं होतं. मी फक्त मान हलवली होती. आता ही दुरुस्त झालीय. पुढच्या वेळी खट् होणार नाही."

कोसिमो म्हणाला, "जागा सोडणारा हंगामभर घरी. आंतिओकोकाका, नियम म्हणजे नियम. पण न बघता चाप ओढणाऱ्याचं काय करायचं, ते आमच्यात ठरलेलंच नाही. आजवर कोणी कबूलच केलं नाही." मग त्यानं बाकीसच्या चष्म्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली.

बाकीसनं मला उचललं आणि आंतिओकोपुढे धरलं. "हिला तुम्ही ठेवा."

"मी? हिच्या तोंडासमोर उभा होतो मी!"

"म्हणून तर. तुम्ही हिला कधी हलक्यात घेणार नाही."

पोलीस ठाण्यात जाऊन दोघांनी माझी नोंद आंतिओकोच्या नावावर करून घेतली. बाकीसनं स्वतःचा परवाना परत केला. वर्षभर माझी जागा आंतिओकोच्या कपाटात होती, आणि आता नव्या हंगामात मी त्याच्या खांद्यावर असते. ज्याच्यावर मी रोखली गेले, त्याच माणसाचा गाल आता माझ्या लाकडावर टेकतो. माझा गोंधळ तुम्ही समजू शकाल.

आंतिओको फार वेळ बघतो. इतका, की जनावर निघून जातं. परवा टोळीतला एकजण म्हणाला, "काका, डुकराचं कुळ-मूळ विचारत होतात का?" शेकोटीपाशी चष्मा लावून भाकरी भाजत बसलेला बाकीस म्हणाला, "विचारू दे. घाई कुणाला आहे?" मी कितीतरी रविवार एकही गोळी न उडवता घरी येते, आणि मला कोणी बिघडलेली म्हणत नाही.

मित्रांनो, मी शहाणी की बिघडलेली, ते मला अजून कळलेलं नाही. ते तेल कुणी घातलं, माउलीनं की बोनारियानं, तेही देव जाणे. तुम्ही आपल्या वस्तू स्वच्छ ठेवा, जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरातल्या कुणाला नीट दिसेनासं झालं असेल, ऐकू येईनासं झालं असेल, आणि तो ते लपवत असेल, तर कृपा करून त्याला हसू नका. एवढी एकच गोष्ट मला स्वच्छ कळली आहे: चार माणसांत चष्मा घालायची बाकीसला लाज वाटली नसती, तर त्या सकाळी मला बंद पडावंच लागलं नसतं.