लिफ्टमधली पाच वर्षांची मुलगी

नऊ वर्षे माझी मुलगी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाच वर्षांचीच राहिली. घरात ती वाढत होती. घेतलेले बूट बघता बघता चावू लागत, दाराच्या कडीपर्यंत न पोहोचणारा हात कधीच कडीच्या वर गेला होता, आणि माझ्याशी बोलताना तिला आता मान वर करावी लागत नसे. लिफ्टमध्ये मात्र ती त्याच कोवळ्या, किंचित घोगऱ्या आवाजात एकेका मजल्याचे नाव सांगत असे. जणू ते सातही मजले तिनेच नुकते शोधून काढले होते.

मी लिफ्टदुरुस्तीचे काम करतो. इमारतींच्या गच्चीवर ज्या अरुंद खोल्या असतात, जिथे मोटरची घरघर आणि ग्रीसचा वास असतो पण माणूस नसतो, तिथे माझे दिवस जातात. मला ते मानवते. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची दृष्टी अधू होऊ लागली, एकदोनदा ते भलत्याच दाराला किल्ली लावताना सापडले, तेव्हा आमच्या लिफ्टमध्ये मजले सांगणारी पेटी बसवायचे ठरले. पेटी कोरी आली. तिच्यात आवाज आपला आपण भरायचा होता. माझा तर प्रश्नच नव्हता. बायकोला विचारले, तर ती म्हणाली, "नको हो. घरातले ऐकतात तेवढे पुरेत. इमारतीला कशाला शिक्षा?"

राहिली मुलगी.

एका दुपारी लिफ्ट बंद ठेवून आम्ही दोघे आत बसलो. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंना घरातली पांघरुणे टांगली होती. मी हत्यारांच्या पेटीवर आणि ती माझ्या मांडीवर. माझे बोट तिच्या खांद्यावर टेकले की तिने पुढचा मजला सांगायचा, असे ठरले होते. तिच्या पायांत लाल मोजे होते. त्यांतला एक घसरून टाचेखाली गेला होता. केसांना रंगीत खडूंचा वास येत होता. चौथ्या मजल्याला तिला हसू फुटले. ते तिने ओठांत दाबले, आणि ते दाबलेले हसूही पेटीत गेले. सातवा मजला सांगून झाला, आणि मी बटणावरचे बोट उचलण्याच्या आत तिने मान मागे टाकून विचारले, "बाबा, झालं?"

तेवढे पुसून पुन्हा घेता आले असते. मी घेतले नाही. त्या दुपारी मी सुखी होतो, आणि आपण सुखी आहोत हे मला त्याच क्षणी कळतही होते. ही दोन्ही एकदम माझ्या आयुष्यात फारशी घडलेली नाहीत.

तेव्हापासून लिफ्ट सातव्या मजल्यावर पोहोचली की, "सातवा मजला. बाबा, झालं?" असे ऐकू येऊ लागले. इमारतीने ते पोटच्या पोरासारखे लाडावून ठेवले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात गाठून विचारत, "काय हो, झालं का?" आणि स्वतःच्याच विनोदावर पदर तोंडाला लावून हसत. मास्तर संध्याकाळी गच्चीवर जायला सातव्या मजल्यापर्यंत येत. एकदा मला म्हणाले, "तुमची कन्या मला रोज विचारते, झालं का म्हणून. मी म्हणतो, बाई गं, थोडं राहिलंय, कळ काढ."

आम्ही राहत होतो सहाव्या मजल्यावर. तरी कामावरून परतताना, आत दुसरे कुणी नसले की, मी सातव्यापर्यंत जाऊन मग खाली येत असे. त्या एका मजल्याच्या अंतरात दिवसभराचा शीण उतरून जाई. मग मी घरात शिरे. तिथे तीच मुलगी टेबलावर पुस्तक पसरून बसलेली असे आणि मान वर न करताच म्हणे, "आलात?"

चालत्या लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाला आपण वर जात आहोत हे जाणवत नाही. सुरू होताना आणि थांबताना तेवढा हिसका बसतो. मधला सगळा प्रवास निवांत, स्थिर वाटतो. मुलांचे वाढणे असेच असते. तिला पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला तसा हिसका बसला होता. नंतर तिला खांद्यावर घेऊन हिंडणे, झोपेत जड झालेले तिचे डोके, दुधाचे दात, शाळेच्या दाराशी माझे बोट सोडताना तिने वळून पाहणे, हे सगळे स्थिर वाटत राहिले. आपण एकाच जागी उभे आहोत असे वाटत राहिले. तिला मी शेवटची कडेवर कधी घेतली, ते मला सांगता येणार नाही. तो दिवस इतर दिवसांसारखाच आला असेल आणि मी तिला इतर दिवसांसारखीच खाली ठेवली असेल.

या वर्षी तिच्या वर्गातल्या काही मुली शाळेने करायला सांगितलेली एक प्रतिकृती पुरी करायला आमच्या घरी आल्या. गच्ची बघायची म्हणून सगळ्या सातव्या मजल्यावर गेल्या. पुढचे मला बायकोकडून कळले. दुसऱ्या दिवसापासून वर्गात बाईंचे शिकवणे संपले की मागच्या बाकावरून कुणीतरी बोबड्या सुरात विचारी, "बाबा, झालं?" आणि वर्ग हसण्यात बुडून जाई.

मला दिसले ते एवढेच, की मुलगी जिन्याने ये-जा करू लागली.

"लिफ्ट बंद पडलीय का?" मी विचारले.

"नाही."

"मग?"

"व्यायाम."

ती आत गेल्यावर बायको म्हणाली, "व्यायाम कसला डोंबलाचा. तुमच्या त्या पोपटामुळे चढतेय ती."

रात्री जेवताना मुलीने स्वतःच विषय काढला. "बाबा, तो आवाज काढून टाका."

"कुठला?"

"कुठला म्हणे. आई, बघ ना यांना."

"अगं, लोकांना आवडतो तो."

"लोकांना आवडतो म्हणून मी जन्मभर पाच वर्षांचीच राहू?"

मी मास्तरांना पुढे केले. "मास्तरांना सवय झालीय. त्यांना दिसत नाही नीट."

"त्यांना मजला कळायला हवा. मीच कशाला हवी?"

"पेटीला आवाजाचं नवं कार्ड लागेल. ते हल्ली मिळत नाही."

"कपाटात तीन पडलीत. मीच लावून ठेवलीत, तुमच्या त्या निळ्या डब्यात."

बायकोने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "ती म्हणते ते खरं आहे. आवाज तिचा. भरताना तिला कळत नव्हतं, आता कळतंय. तुम्हाला हवा असेल तर फोनमध्ये भरून घ्या आणि मोकळं करा तिला."

ते मी केले. एका दुपारी फोन छातीशी धरून लिफ्टमधून खालीवर फिरलो. काकू चौथ्या मजल्यावर आत शिरल्या, पाचव्यावर जायचे विसरल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "बिघडली का हो?" त्यांनी हळूच विचारले; लिफ्टविषयी की माझ्या डोक्याविषयी, ते त्यांनाच ठाऊक. आवाज फोनमध्ये आला. मोटरची घरघर आली, दारांची खडखड आली, काकूंचा प्रश्नही आला. घरी येऊन मी तो एकदा ऐकला आणि फोन उलटा करून ठेवला. लिफ्टमध्ये ती रोज नव्याने बोलायची. माझ्या हातातल्या यंत्रात ती जपून ठेवलेली होती. जपून ठेवलेल्या वस्तूला एक थंडपणा असतो.

म्हणून मग पेटी तशीच राहिली. मी म्हणत होतो, या आठवड्यात करतो. मुलीने विचारणे सोडून दिले. तिने माझ्याशी भांडणेही सोडून दिले, आणि ते मला जास्त लागले. घरात ती कामापुरते बोले. "किल्ली कुठंय?" "उद्या सुट्टी आहे." मी खोलीत आलो की तिचे गुणगुणणे थांबे.

आमच्या लिफ्टच्या दाराला उभी, वीतभर रुंद काच आहे आणि जिना लिफ्टला वळसा घालून वर जातो. एका संध्याकाळी मी तळमजल्यावरून लिफ्टमध्ये शिरलो, तर ती नुकतीच शाळेतून येऊन जिना चढू लागली होती. पाठीवर दप्तर, हातात भाजीची पिशवी. मी दार धरून म्हणालो, "आज तरी चल. पिशवी जड आहे." तिने मान हलवली आणि ती चालू लागली.

वाटेत एकेक जण चढत-उतरत होता, त्यामुळे लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत गेली. "पहिला मजला," आतली म्हणाली, आणि काचेतून मला बाहेरचीचे पाय वर जाताना दिसले. "दुसरा मजला." बाहेरचीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिसरा मजला." आता ती मागे पडली होती. "चौथा मजला," आतली हसू दाबत म्हणाली, आणि काचेत फक्त रिकाम्या पायऱ्या होत्या. सहाव्यावर मी आधी पोहोचलो आणि दाराशी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ती आली. तिचा श्वास फुलला होता, कपाळावर केस चिकटले होते, पिशवीचे बंद बोटांत रुतून वळ उठले होते. मी हात पुढे केला. तिने पिशवी खाली ठेवली, मला ओलांडून किल्ली लावली आणि ती आत गेली.

मी तिथेच उभा होतो. इतकी वर्षे ज्या मुलीची मी सोबत करत होतो, ती जिन्यावर नव्हती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावली, निळ्या डब्यातले नवे कार्ड खिशात टाकले आणि मुलीला हाक मारली. "आज करतोय. येतेस?"

ती आली. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी थबकली. मग आत येऊन कोपऱ्यात उभी राहिली. मी म्हणालो, "काढायच्या आधी एकदा ऐकून घे."

मी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबवत वर नेली. ती खाली बघत ऐकत होती. चौथ्यावर तिने भुवया उचलल्या. "इथे मी हसतेय का?"

"हो." मला एकदम बळ आले. "तू हसू दाबलंस. मी माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसलो होतो आणि तू माझ्या मांडीवर. इथे सगळीकडे पांघरुणं टांगली होती. तू म्हणालीस, आपण तंबूत आहोत. तुझ्या पायात लाल मोजे होते, त्यातला एक सारखा घसरायचा. मी खांद्याला बोट लावलं की तू बोलायचीस. पाचव्याला मी मुद्दामच उशीर केला, तर तू माझंच बोट धरून आपल्या खांद्यावर टेकवलंस."

इतके सलग मी कुणाशीच बोलत नाही. ती ऐकत होती. पण एखाद्या दूरच्या नात्यातल्या मुलीविषयी कुणी कौतुकाने सांगावे आणि आपण ते सभ्यपणे ऐकावे, तशी.

"मला काहीच आठवत नाही, बाबा."

"अगदी काहीच?"

"तंबूसुद्धा नाही." तिने खरोखर प्रयत्न करून पाहिला, तिचे डोळे क्षणभर बारीक झाले. "नाही. म्हणजे, तुम्ही सांगता म्हणून आता डोळ्यांसमोर येतंय. पण तसं कुणाचंही आलं असतं."

लिफ्ट सातव्या मजल्यावर जाऊन थांबली. आवाजाने विचारायचे ते विचारले. आम्हा दोघांपैकी कुणीही हसले नाही.

तिच्या त्या पहिल्या वर्षांतले सगळे मला वाटत होते की आम्ही दोघे मिळून जगलो. तसे नव्हते. तिने ते जगता जगताच सांडून दिले होते, जसे सगळी मुले देतात, आणि ती मोकळ्या हातांनी पुढे गेली होती. आता त्या दुपारचा मी एकटाच साक्षीदार होतो. बाप होण्याचा सारा आनंद एका माणसाच्या स्मरणावर उभा होता, आणि त्या माणसाला बोलता येत नव्हते.

मी झाकणाचे स्क्रू काढले. जुने कार्ड ओढताना बारीकसा टक असा आवाज झाला. नव्या कार्डात कारखान्यातच भरलेला एका बाईचा आवाज होता. ते खिशातून काढता काढता मी म्हणालो, "तुला हवं तर तुझ्याच आत्ताच्या आवाजात घेऊ. चांगला झालाय तुझा आवाज."

"नको, बाबा." किती दिवसांनी ती माझ्याशी हळुवार बोलत होती. "परत काही वर्षांनी तुम्हाला तोही काढवणार नाही."

मी मान हलवली आणि कार्ड बसवले. "सातवा मजला," बाई म्हणाली. स्वच्छ, गुळगुळीत, वय नसलेला आवाज. तीही कुणाची तरी मुलगी असेलच.

मुलीने घड्याळ पाहिले. तिच्या मैत्रिणी खाली कोपऱ्यावर थांबणार होत्या. मी हत्यारे उचलून बाहेर आलो, ती आतच राहिली. तिने तळमजल्याचे बटण दाबले, मग दार हाताने अडवून धरले.

"येताय ना खाली?"

"तू हो पुढे. मला इथलं आवरायचंय."

"बरं. उशीर होईल मला. आईला सांगा."

दार मिटले. काचेतून तिचा चेहरा, मग केस, मग नुसता दिव्याचा उजेड खाली गेला. आवरण्यासारखे तिथे काही नव्हते. मी पायरीवर बसलो आणि काचेमागचे लोखंडी दोर थांबेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिलो.