नऊवारी आणि दोन चाके

सुहासिनीबाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकायचे ठरवले, ते हौसेने नव्हे. हौसेखातर त्यांनी आदल्या वर्षी पेटी शिकून पाहिली होती. त्यातून सूर निघण्याआधी शेजाऱ्यांशी वाद निघाला, आणि तो प्रयोग त्यांनी निष्कर्षाची वाट न पाहता बंद केला. सायकलीचे कारण वेगळे होते, आणि ते बरोबर तीन मैल लांबीचे होते.

डोंबिवलीच्या महिला मंडळाने मानपाड्याला बालवाडी काढली होती. आधीच्या दोन शिक्षिका बैलगाडीने जात. पण गाडी निघणे हे बैलांच्या आणि गाडीवानाच्या संयुक्त मर्जीवर अवलंबून असल्याने दोघींनीही ते काम सोडले. सुहासिनीबाईंना ती जागा हवी होती. पंधराव्या वर्षी त्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झाल्या होत्या आणि मास्तरीण होणार होत्या. त्याऐवजी त्यांचे लग्न झाले. मधल्या काळात त्यांनी एक मुलगी वाढवली, एक सासू सांभाळली आणि एका विज्ञानशिक्षकाचा संसार केला. आता सासू नव्हती आणि मुलगी हेमा कॉलेजात जात होती. नवऱ्याला स्वतःचा चहा करता येतो, असा शोधही अलीकडेच लागला होता. तेव्हा त्यांनी मुलीच्या वयाच्या मुलींमध्ये बसून बालवाडीचा अभ्यासक्रम पुरा केला आणि मंडळाच्या अध्यक्षा वासंतीबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्याबद्दल शंका नाही हो, सुहासिनीबाई," वासंतीबाई म्हणाल्या. "शंका आहे ती तीन मैलांबद्दल. आता दुसरा अर्ज आलाय त्या चित्राचं बघा. तिचा भाऊ तिला फटफटीवरून सोडणार आहे."

"आणि मी माझी माझी पोहोचले तर?"

"तर प्रश्नच मिटला. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठला वर्ग उघडायचा. तुमच्या हातून घंटा झाली तर जागा तुमची. नाहीतर चित्रा आहेच. आणि आपला नियम ठाऊक आहे ना? शिक्षिका गोल पाचवारी पातळात. गावापुढे काहीतरी नवं दिसायला हवं."

घरात सायकल एकच होती, प्रभाकरपंतांची. ती पुरुषी होती, म्हणजे मधोमध आडवा दांडा असलेली. प्रभाकरपंतांनी बायकोचा बेत ऐकून चष्मा पुसला.

"अगं, सायकल म्हणजे काही अवघड नाही. गुरुत्वमध्यातून काढलेला लंब दोन चाकांच्या रेषेवर पडला पाहिजे, इतकंच."

"आणि नाही पडला तर?"

"तर तू पडशील."

या भाकिताचा पडताळा त्याच संध्याकाळी आला, आणि पुढे रोज येत राहिला. भातकापणी उरकलेल्या शेताच्या कडेला एका दगडावरून सुहासिनीबाई सायकलीवर चढत. प्रभाकरपंत मागचे कॅरिअर दोन्ही हातांनी धरून धावत. धावता धावता ते "डावीकडे झुकतेस, उजवीकडे घे," असे सांगत, आणि सांगून न थांबता स्वतःच सायकल उजवीकडे ओढत. पातळ दांड्यावरून वर चढून गुडघ्यांना आवळे. खालच्या निऱ्या साखळीत जात. मग दोघे आणि सायकल, असे तिघेही तीन निरनिराळ्या दिशांना पडत.

"आई, पुरे कर," बांधावर बसलेली हेमा म्हणाली. "लोक बघतात."

"बघू देत. त्यांच्याकडून कुठे तिकीट घेतलंय आपण?"

रात्री गुडघ्याला हळद लावताना सुहासिनीबाईंनी विचार केला. प्रत्येक पडण्यात दोन गोष्टी समान होत्या: गोल पातळ आणि नवरा. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे वाक्य त्यांनी त्याच नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते, की ते खरे आहे याकडे आजवर त्यांचे लक्षच गेले नव्हते. नवरा बदलण्यापेक्षा पातळ बदलणे सोपे. नऊवारी लुगड्याला काष्टा असतो, दोन्ही पाय मोकळे असतात. पूर्वीच्या बायकांनी सायकलीचा विचार करून ते नेसायला घेतले असावे, असा संशय यावा इतके ते या कामाला सोयीचे होते.

अडचण अशी, की घरात लुगडी नव्हती. गेल्या दिवाळीत हेमाने "आई, आता सगळ्या गोल नेसतात" असा धोशा लावून सुहासिनीबाईंना पाचवारीत आणले होते, आणि जुन्या सगळ्या लुगड्यांच्या मोबदल्यात बोहारणीकडून एक पितळी पातेले घेतले होते. पातेले उत्तम होते. ते नेसता मात्र येत नव्हते.

उरले होते एकच नऊवारी: सासूबाईंचे सोवळ्याचे जांभळे रेशमी. नैवेद्याचा स्वयंपाक करताना नेसायचे, आणि ते नेसलेल्या बाईला कुणी शिवायचे नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ते नेसून अंगणात आल्या, तेव्हा हेमाच्या हातातून कंगवा पडला.

"आई! सोवळ्यात सायकल?"

"सायकल धुऊन घेतली आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

शेतावर त्या दगडावरून चढल्या. पाय दोन्हीकडे नीट बसले. प्रभाकरपंतांनी सवयीने कॅरिअरला हात घातला, आणि सुहासिनीबाईंच्या तोंडून, तितक्याच सवयीने, निघून गेले, "अं हं! शिवू नका. सोवळ्यात आहे मी."

प्रभाकरपंत देव मानत नसत. ग्रहणात ते मुद्दाम जेवत, आणि शिवाशिव ही जंतुशास्त्राची बाल्यावस्था आहे, असे दर वर्षी नव्या वर्गाला सांगत. पण ते ज्या आईच्या हाताखाली वाढले होते, तिच्या सोवळ्याला हात लावण्याचे धैर्य त्यांना कधी झाले नव्हते. त्यांचे दोन्ही हात आपोआप मागे गेले. विचार नंतर आला.

तेवढ्या वेळात सायकल पुढे निघून गेली होती.

ती डुलली, वळली, पुन्हा सरळ झाली आणि बांधाच्या कडेने चालत राहिली. सुहासिनीबाईंना वारा लागला. त्यांनी आनंदाने काही ओरडावे, अशी वेळ होती. पण त्यांच्या मनात पहिला विचार आला, तो असा, की एका वेळी दोन गोष्टी बदलल्या गेल्या, म्हणजे श्रेय कुणाचे ते आता कधीच ठरणार नाही.

दुसरा विचार आला, तो थांबायचे कसे, हा. चढणे त्यांनी अनेकदा केले होते. उतरण्यापर्यंत गोष्ट कधी गेलीच नव्हती. शेवटी एका पेंढ्याच्या उडवीने त्यांना सामावून घेतले.

"उतरणं उद्या," त्या पेंढा झटकत म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, सायकलीचे मागचे चाक पंक्चर निघाले, आणि दुकान बंद.

वर्ग उघडायच्या सोमवारी पहाटेच प्रभाकरपंतांनी दुकानदाराला उठवून पंक्चर काढून आणले. सुहासिनीबाई तेच जांभळे रेशमी नेसून निघाल्या. अर्ध्या वाटेवर त्यांना पुढे एक टांगा दिसला. त्यात वासंतीबाई होत्या, आणि शेजारी, तयारीत असलेली चित्रा. फटफटी आदल्या दिवशीच बंद पडली होती, असे पुढे समजले.

सायकल टांग्याच्या बरोबरीला आली. वासंतीबाईंनी आधी काष्टा पाहिला, मग सायकल, आणि सर्वांत शेवटी माणूस ओळखले.

"अहो सुहासिनीबाई! हे काय नेसलात? थांबा, थांबा आधी!"

"थांबता येत नाही!"

"येत नाही म्हणजे?"

"शिकले नाही अजून!" आणि सुहासिनीबाई पुढे गेल्या. अध्यक्षांचा अवमान करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. हेतू असता तरी तो अमलात आणण्याइतके त्यांचे लक्ष हँडलवरून हलत नव्हते.

मानपाड्याला मुले वाट पाहत उभी होती. सुहासिनीबाईंनी उडवी शोधली. एक सापडली; पण तिच्या अलीकडे शेणाचा ढीग होता. तो त्यांनी वळसा घालून टाळला, आणि त्या वळशात उडवीही टळली. मग करवंदीच्या जाळीत त्या थांबल्या. शेवंती नावाची एक आई धावत आली आणि त्यांना बाहेर ओढता ओढता म्हणाली, "बाई, लागलं नाय ना?"

"घंटा कुठे आहे?"

घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. सुहासिनीबाईंनी तो बडवला. मुले हसत हसत पडवीत येऊन बसली. त्यांच्या मागोमाग चार आयाही, नेहमी बाहेरूनच परतणाऱ्या, आत येऊन टेकल्या.

टांगा आला, तेव्हा वर्ग चिऊकाऊच्या गाण्यात होता. वासंतीबाईंनी सुहासिनीबाईंना बाजूला घेतले.

"नियमात गोल पातळ आहे."

"सायकलीत दांडा आहे."

"मंडळ काय म्हणेल?"

"तेही विचारून घ्या. पण घंटा माझ्या हातून झाली, वासंतीबाई. तुमची अट तेवढीच होती."

वासंतीबाई न्यायी होत्या. हा त्यांच्या स्वभावातला गैरसोयीचा भाग होता. त्यांनी पडवीत बसलेल्या आयांकडे पाहिले. सगळ्यांना काष्टे होते.

"ह्या बाई बऱ्या हायेत," शेवंतीने न विचारता मत दिले. "मागच्या बाई घडी घडी गाडी बघायच्या. ह्यांची सायकल जालीत हाय, ह्यांना तसं पळता नाय येनार."

चित्राने तोंडावर पदर धरला. वासंतीबाईंना हसू आवरायला थोडा वेळ लागला.

"नियम बदलायला सभा बोलवावी लागेल," त्या म्हणाल्या. "मी बोलावते. तोवर जागा तुमची, आणि मी आज फक्त घंटा ऐकली; बाकी काही पाहिलं नाही. चित्राला टिटवाळ्याच्या वर्गाचं बघू."

टांगा गेला. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, तुमी उद्या पन परनार?"

सुहासिनीबाईंनी उपलब्ध पुराव्याचा विचार केला. "उद्या पडेन. शुक्रवारपर्यंत उतरायला शिकेन."

शुक्रवारपर्यंत वर्गात एकही मूल गैरहजर राहिले नाही. आठच्या आधीच सगळी जाळीपाशी जमत. वासंतीबाईंनी नियम बदलायला बोलावलेल्या सभेत त्याचे श्रेय नव्या शिक्षणपद्धतीला दिले. सुहासिनीबाईंनी ते नाकारले नाही, स्वीकारलेही नाही. पडणे एवढी एकच गोष्ट बदलून पाहायला त्या शनिवारची वाट पाहत होत्या. शनिवारी त्या आंब्याखाली सावकाश, दोन्ही पायांवर उतरल्या. मुलांची थोडी निराशा झाली. मग सुहासिनीबाईंनी घंटा दिली, आणि मागे वळून पाहिले, तर पडवी भरलेली होती.