आलेप्पीला पाणी कधी सुटतं

सल्ला द्यायला माणसाला काही यावं लागत नाही, हे मला एकोणऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत पक्कं कळलं. मी सुलाबाई, नाशकात मास्तरीण, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. जन्मात एकदा एकटीने कुठेतरी जायचं म्हणून मी केरळातलं आलेप्पी निवडलं. जुनं बंदराचं गाव, घरांमधून कॅनॉल आणि त्यात होड्या.

कॅनॉल म्हटल्याबरोबर माझे धाकटे दीर धोंडीराम भावजी उठून बसले. भावजी पाटकरी. धरणाचं पाणी कुठल्या दिवशी कुणाच्या शेतात जायचं ते बघणारे. चोवीस वर्षं तेच केलं, मनमाडपुढे कधी गेले नाहीत, पण कॅनॉलचा जाणकार जगात हा एकच.

"वहिनी, लिहून घ्या. लॉज हेडला बघा, पाटाच्या तोंडाशी, टेलला म्हंजे शेवटाला पाणी पोचत नाय. गाळात चप्पल घालायची नाय. पिशवीत दोर ठेवा. आन् एकट्या बाईनं पाटाच्या दारापाशी थांबू नये, भांडणं तिथंच व्हत्यात."

मी कपाळाला हात लावला. "भावजी, तिथे शेतं भिजवत नाहीत. माणसं होडीतून बाजाराला जातात."

"जाऊ द्या की. पण पाण्याची पाळी असंलच ना? पाणी बंद असलं तर व्हडी चिखलातून वढणार का?"

आणि या शहाण्याने खरंच 'पाटकरीसाहेब, आलेप्पी' असा पत्ता घालून, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड टाकलं. पुढचं पाणी कोणत्या तारखेस सुटणार, कळवावे. तेही मराठीत. उत्तर येईतो वहिनींनी निघायचं नाही, असं घरात जाहीर केलं आणि घरातल्या सगळ्या नंदीबैलांनी माना डोलावल्या. एकवीस दिवसांच्या सुट्टीतले आठ पोस्टमनची वाट बघण्यात गेले. आणखी थांबले असते तर शाळा उघडली असती आणि माझं जाणं कायमचं राहिलं असतं. नवव्या दिवशी मी कुणाला न विचारता तिकीट काढलं.

नाशिकरोडला भावजी पोचवायला आले ते वळकटी घेऊनच. डब्यात माझ्या शेजारी बसले.

"मी पण येतो. रजा टाकली हाय, तिकीट काढलंय."

"कशाला?"

त्यांनी मान खाली घातली. "चोवीस वर्षं पाण्यापायी शिव्या खाल्ल्या, वहिनी. एकदा डोकं फुटलं. तसल्याच पाण्यात माणसं व्हडीत बसून मजेत जात्यात म्हणता. एकदा बघायचं हाय."

त्यांची इतकी थट्टा मी मनात केली होती, पण हे मला सुचलं नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. पण आजवर मी आधी बापाबरोबर गेले, मग नवऱ्याबरोबर, मग दिरांना विचारून; हे एकदाच एकटीने जायचं होतं.

"उतरा, भावजी," मी म्हटलं.

भावजी वळकटी उचलून उतरले आणि खिडकीशी उभे राहिले. ते परत चढतील या धास्तीने मी गाडी कधी हलते याची वाट बघत होते. गाडी हलली तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज कल्याण आलं तरी गेली नव्हती.