भाडेकरूसकट घर

कर्ज हा शब्द ऐकला तरी नृसिंहरावांना घाम फुटे. कचेरीतले कारकून सोसायटीचं कर्ज काढून राजारामपुरीत घरं बांधत होते, आणि हे गृहस्थ त्यांना व्याजाचं गणित समजावत फिरत होते. शेवटी त्यांनीही घर घेतलं, पण रोखीनं. मंगळवार पेठेतलं, दोन खोल्यांचं, कौलारू. निम्म्या किमतीत मिळालं, कारण आत भाडेकरू होता. आकाराम गाडीवान, त्याची बायको आणि म्हातारी आई तानाबाई.

"आज ना उद्या उठतील," नृसिंहराव म्हणाले होते. त्याला नऊ वर्षं झाली. कायदा भाडेकरूच्या बाजूनं, आणि कोर्टात जायचं तर कर्जच काढावं लागलं असतं. घराचे मालक स्वतः शाहूपुरीत दुसऱ्याच्या खोलीत भाड्यानं राहत राहिले.

त्यांची बायको कालिंदी. मूलबाळ नाही. नऊ वर्षं ती मनातल्या मनात त्या घराला चुना देत होती, खिडकीपाशी पलंग टाकत होती.

आषाढात तिचं पोटाचं दुखणं बळावलं. डॉक्टर बाहेर हळू आवाजात बोलत होते, पण पडद्याआड तिला सगळं ऐकू आलं. फार तर दोन महिने. नृसिंहराव आत येऊन म्हणाले, "साधा अल्सर आहे." तिनं मान डोलावली. दुसऱ्याच्या दारातून आपली तिरडी निघू नये, एवढंच तिला आता हवं होतं.

"मीच एकदा विचारून येते," असं म्हणून ती रिक्षानं एकटी गेली.

"या की मालकीणबाई! अगं, च्या टाक," आकारामनं आत हाक दिली.

तानाबाई खिडकीपाशी बाजेवर पडून होती, नेमकी कालिंदीच्या पलंगाच्या जागी. आज कडक बोलायचंच असं कालिंदी वाटभर घोकत आली होती.

"आजी, मला घर हवंय. मला आता फार दिवस नाहीत."

म्हातारीनं तिचं मनगट चाचपलं. "व्हय, दिसतंय की." मग ते न सोडताच म्हणाली, "पोरी, नवरी हून ह्याच दारातनं आत आलो. मी बी हितंच डोळं मिटायला पडलोय. आता मला कुटं न्हेत्यात?"

म्हातारी कण्हत भिंतीकडे सरकली.

"ये, पड माझ्या शेजारी. घर तुजंच हाय की."

त्यात टोमणा नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर कालिंदी भांडली असती. तिला संताप आला तो नवऱ्याचा, त्याच्या शहाणपणाचा, आणि नऊ वर्षं त्या शहाणपणाचं कौतुक करणाऱ्या स्वतःचा. चहा तसाच ठेवून ती उठली.

शाहूपुरीतल्या खोलीच्या दारातच नृसिंहराव उभे होते.

"काय म्हणाले?"

त्यांचा चेहरा बघून तिचा राग गळाला. आपल्यामुळे हिला घर मिळालं नाही, या ओझ्याखाली हा माणूस उरलेलं आयुष्य कसं काढणार?

"दिवाळीला सोडतो म्हणाले. तुम्ही खिडकीपाशी पलंग टाका."

दिवाळीला अजून चार महिने होते, आणि ती 'आपण' नाही, 'तुम्ही' म्हणाली होती. नृसिंहराव तिच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांचं बोलणं हिनं ऐकलंय, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"बरं झालं," ते कसंबसं म्हणाले. "मग पाडव्यालाच जाऊ राहायला."