भिंतीकडचा खळगा

मी गाद्या करतो. कापूस पिंजून खोळीत भरायचा हे माझं काम, दाभणाने टाके घालायचे हे बायकोचं. ती जाऊन आठ महिने झाले.

कापसाची गादी माणसाचं वजन लक्षात ठेवते. आमच्या गादीत दोन खळगे होते, त्यातला भिंतीकडचा तिचा. ती म्हणायची, "जगाच्या गाद्या पिंजता, आणि घरी दिव्याखाली अंधार." मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात करू. आता मला तो खळगा मोडायचा नव्हता.

तिची मांजर त्यात झोपायला लागली. मी हाकललं नाही. सकाळी हात तिकडे गेला की ऊब लागायची.

एक दिवस मांजर म्हणाली, "मला माणूस व्हायचंय."

मला नवल वाटलं नाही. घरात कुणीतरी बोलायला हवंच होतं. "कशाला?" मी विचारलं.

"बाई म्हणायच्या, हिला फक्त बोलता यायचं राहिलंय, नाहीतर माणूसच. आता बोलता येतंय."

"बोलून माणूस होता आलं असतं, तर माझा मेहुणा दोनदा झाला असता."

मग तिने मागच्या दोन पायांवर चालून दाखवलं. मी म्हटलं, हे सर्कशीतही करतात. ती रुसून गादीवर जाऊन बसली.

पुढे एकदा चादर बदलताना माझ्या लक्षात आलं. बायको कुशीवर झोपायची. तिचा खळगा लांबट होता, खांद्यापाशी खोल. तो आता गोल झाला होता, बरोबर मांजरीच्या मापाचा. मी चादर हातात घेऊन तसाच बसलो.

"काय झालं?" मांजरीने विचारलं.

"ही तिची जागा होती."

"रिकामी होती म्हणून बसले. जागा रिकामी दिसली की आम्ही बसतो."

"माणूस बसत नाही," मी म्हणालो. "येणार नाही हे माहीत असतं, तरी ठेवतो."

त्या दिवसापासून ती गादीवर आली नाही. थंडीचे दिवस होते. फरशीवर बसून ती खळग्याकडे बघत राहायची. दूध वाटीत तसंच. आठवड्यात तिच्या बरगड्या दिसायला लागल्या.

"वर ये," मी म्हटलं.

"नको. बाई आल्या तर?"

"त्या येणार नाहीत गं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

झाली होती माणूस. आणि मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गादी दुकानात नेऊन उसवली. बायको प्रत्येक टाक्याला दोन गाठी मारायची, त्यामुळे दुपार झाली. कापूस पिंजला, पुन्हा भरला, आणि टाके मीच घातले.

"वाकडे आलेत," मांजर म्हणाली. "बाईंनी परत उसवायला लावले असते."

"लावले असते."

गादी फुगून सपाट झाली. कुठली बाजू कुणाची, काही कळत नव्हतं. रात्री घरी ती अंथरून मी मांजरीला उचलून मधोमध ठेवलं आणि बाहेरच्या कडेला आडवा झालो. थोड्या वेळाने ती उठली आणि माझ्या पायांशी येऊन झोपली.

भिंतीकडची बाजू आम्ही दोघांनीही सोडली होती.