पाच मिनिटांचा मालक

"कबूल आहे म्हण," खजिनदार म्हणाला आणि त्याने पैशांची पिशवी नळवाल्याच्या मांडीवर ठेवली.

"कबूल आहे," नळवाला म्हणाला आणि श्रीमंत झाला.

असा तो गेली सहा वर्षं दर वर्षी एकदा श्रीमंत होत आला होता. एरवी तो मशिदीच्या वजूखान्यातले, नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागेतले, बावीस नळ सांभाळी. जकातीचा, म्हणजे मुसलमानाने दर वर्षी धर्म म्हणून काढायच्या दानाचा, पैसा कुणाला द्यायचा हे ठरलेलं आहे: गरीब, नडलेला, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला मुसाफिर, अशी मोजून आठ प्रकारची माणसं. त्या आठांत फरशी नाही, झुंबर नाही. पैसा माणसाच्याच हातात पडायला हवा आणि त्याच्या मालकीचा व्हायला हवा. म्हणून मशिदीच्या कमिटीने तोड काढली होती. पैसा आधी नळवाल्याला द्यायचा. तो गरीब आहे याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. त्याचा पगार कमिटीच देत असे. मग त्याने तो राजीखुशीने मशिदीला दान करायचा. एकदा मध्येच अध्यक्षांचा फोन वाजला आणि नळवाला तब्बल अकरा मिनिटं श्रीमंत राहिला. तो उच्चांक. दुसऱ्या एका वर्षी त्याला शिंक आली, तर रुमाल काढेपर्यंत खजिनदाराने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

अशा रीतीने त्याने आजवर मशिदीला झुंबर दिलं होतं, गालिचे दिले होते, पाच शहरांची वेळ दाखवणारं घड्याळ दिलं होतं. यंदा तो संगमरवरी कारंजं देणार होता. अध्यक्ष योगायोगाने संगमरवराचे व्यापारी होते. दुसऱ्या रांगेतल्या नळांनाच पाणी चढत नाही तर कारंज्याला कुठून चढणार, असं नळवाल्याने विचारून पाहिलं होतं. आधी दगड बसू दे, पाण्याचं पाणी बघून घेईल, असं उत्तर मिळालं होतं.

"आता मशिदीला खुशीनं दिलं म्हण," खजिनदाराने हात पुढे केला.

नळवाल्याला आपा आठवली. त्याची थोरली बहीण, नवऱ्यामागे शिलाईवर जगणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि शर्ट फार छान बसेल म्हणाली. ऑपरेशनसाठी तिने कमिटीकडे अर्ज केला, त्याला सात महिने झाले होते. निधी शिल्लक नाही, असं दर महिन्याला न चुकता सांगितलं जाई.

"खुशी नाहीये," नळवाला म्हणाला.

अध्यक्ष हसले. थट्टा पुरे, चहा गार होतोय, म्हणाले. नळवाला हसला नाही. तेव्हा त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या मौलानांना साकडं घातलं, की याला जरा धर्म समजावून सांगा.

मौलाना सहा वर्षं या वेळी डोळे मिटून बसत आले होते. त्यांनी डोळे उघडले.

"पैसे त्याचे आहेत," ते म्हणाले. "खुशी नसताना घेतलेत, तर त्या कारंज्यावर वजू करणारा मी नसेन."

"अहो, पण ती नुसती रीत होती!"

"ते मला सांगू नका. वर सांगा."

अध्यक्षांचा चेहरा त्यांच्याच मालासारखा पांढरा पडला. उद्यापासून कामावर येऊ नकोस, ते म्हणाले.

"नाही येत." नळवाल्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्याचा आवाज चढला नाही. "एक सांगतो, शेठ. तुम्ही खुर्चीत बसता, तुम्हाला टेबलाचा वरचा भाग दिसतो. मी नळाखाली वाकणारा माणूस. मला खालचं दिसतं."

तो वाकला आणि टेबल डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली सारलेली कागदांची घडी त्याने खेचून काढली. टेबल कलंडलं, तीन कप चहा अध्यक्षांच्या मांडीवर आला. घडीत अकरा अर्ज होते. सगळ्यात खालचा आपाचा.

पिशवी बगलेत मारून तो बाहेर पडला. वजूखान्यातला सातवा नळ ठिबकत होता. त्याने तो सवयीने आवळला आणि आवळल्याबद्दल स्वतःला एक शिवी घातली.

मग अर्जांवरचे पत्ते वाचत त्याने एकेक दार वाजवलं. वरच्या अर्जापासून सुरुवात केली. आपल्या माणसाचा अर्ज वर घ्यायचा, तर कमिटीने काय घोडं मारलं होतं? दहा दारं झाली. आपाच्या दारात पोचला तेव्हा पिशवीत एका डोळ्याचे पैसे उरले होते.

आपाने पिशवी चाचपली. मग अर्ज चाचपला. कागदाच्या मधोमध टेबलाच्या पायाचा चौकोनी वळ उठला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"शिक्का मारलाय वाटतं," ती म्हणाली.

"हो."

"बघ. लोक उगाच कमिटीला नावं ठेवतात. चांगली माणसं आहेत रे. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या वर्षी मागू. तू आहेसच तिथं."

नळवाल्याला एवढा संताप आला होता की तो बाहेर पडता तर छपराचे पत्रे उडाले असते. त्याने तो गिळला. तिच्या मांडीवरचा शर्ट ओढून घेतला, खिडकीशी बसला आणि चुकीची डावी बाही टाका टाका करत उसवू लागला.